पानामागे पैसा: झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतलं काय घरात आलं, काय ओसरीवरच राहिलं

"दोन झेरॉक्स द्या, पाठपोट." दुकानदार आधार कार्ड काचेवर पालथं घालतो, झाकण लावतो, बटण दाबतो आणि पैसे सांगताना पानं मोजतो. कागदावर काय लिहिलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. सातबारा असो, मार्कशीट असो की लग्नाची पत्रिका, दर पानाचा.

हा शब्द ज्या कंपनीच्या नावावरून आपल्या भाषेत आला ती कंपनीही जवळपास अशीच जगत होती. १९७० साली तिने कॅलिफोर्नियात एक संशोधन केंद्र काढलं: पालो आल्टो रिसर्च सेंटर, लघुरूप 'पार्क'. त्या केंद्राचं पुढे काय झालं हे नीट समजून घ्यायचं तर सुरुवात या पानाच्या हिशेबापासूनच करायला हवी, असं माझं मत आहे.

नेहमी सांगितली जाणारी गोष्ट वेगळी आहे. पार्कमधल्या हुशार मंडळींनी वैयक्तिक संगणक, खिडक्या, मेनू, चित्रांच्या खुणा, सगळं तयार केलं. वरच्या साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. एक दिवस ॲपलचे स्टीव्ह जॉब्स आले, त्यांनी ते पाहिलं आणि डोक्यात घालून घेऊन गेले. मॅनेजमेंटच्या वर्गात ही गोष्ट हिरा गारगोटी समजून फेकल्याच्या थाटात रंगवली जाते. ती अगदीच खोटी नाही. पण तिच्यातून एक महत्त्वाचं पात्र कायम गायब असतं, ते म्हणजे लेझर प्रिंटर. तो याच केंद्रात, याच माणसांच्या संगतीत, याच वर्षांत तयार झाला. झेरॉक्सने तो बाजारात आणला आणि त्यावर अब्जावधी डॉलर कमावले. साहेब आंधळेच होते, तर मग हा कसा दिसला?

या प्रकरणातला खरा प्रश्न माझ्या लेखी एवढाच आहे. एकाच अंगणात वाढलेल्या दोन पोरांपैकी एकाला घरात घेतलं आणि दुसऱ्याला ओसरीवर बसवून ठेवलं, हे कशामुळे?

मीटर लावलेलं यंत्र

झेरॉक्सचं मूळ नाव हॅलॉइड. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची, फोटोचा कागद बनवणारी मध्यम आकाराची कंपनी. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली कोरड्या पद्धतीने प्रत काढण्याची युक्ती शोधली होती. ती हॅलॉइडने उचलली, आणि एकूण वीसेक वर्षांच्या खटपटीनंतर १९५९ मध्ये '९१४' हे यंत्र आलं. नऊ इंच बाय चौदा इंचांपर्यंतच्या कागदाची प्रत निघते म्हणून नाव ९१४. वजन तीनशे किलोच्या आसपास. कागद आत अडकून पेट घ्यायचा, म्हणून सोबत एक छोटं अग्निशामक नळकांडं द्यायचे आणि त्याला लाजतलाजत दुसरंच काहीतरी नाव दिलेलं होतं.

एवढं महाग धूड विकत कोण घेणार? म्हणून कंपनीने ते भाड्याने दिलं. महिना ९५ डॉलर, त्यात पहिल्या दोन हजार प्रती फुकट, पुढच्या प्रत्येक प्रतीला चार सेंट. यंत्राला मीटर बसवलेलं. गिऱ्हाइकं महिन्याला दोन हजार प्रतीसुद्धा काढणार नाहीत असं तज्ज्ञांना वाटत होतं. प्रत्यक्षात लोक दिवसाला सरासरी दोन हजार काढू लागले. मीटर फिरत राहिलं आणि एका दशकात झेरॉक्स अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत जाऊन बसली.

या यशाने कंपनीचं शरीरच तसं घडलं. विक्रेत्याचं कमिशन, दुरुस्ती करणाऱ्याची फेरी, कारखान्याचं नियोजन, सगळ्याच्या मुळाशी एकच आकडा होता: महिन्याला किती पानं.

१९६८ साली पीटर मॅकॉलो प्रमुख झाले. कागदाचे दिवस कायमचे नाहीत ही धास्ती त्यांना होती. १९६९ मध्ये त्यांनी सायंटिफिक डेटा सिस्टिम्स ही संगणक कंपनी नव्वद कोटी डॉलरहून जास्त किमतीचे शेअर देऊन घेतली. हा सौदा पुढे भयंकर अंगाशी आला. त्याच सुमारास कंपनीचे मुख्य शास्त्रज्ञ जॅक गोल्डमन यांनी वेगळ्या संशोधन केंद्राचा आग्रह धरला. पदार्थविज्ञानातले जॉर्ज पेक यांना प्रमुख नेमलं आणि १ जुलै १९७० ला पार्क सुरू झालं. जागा निवडली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शेजारची. मुख्यालयापासून चार हजार किलोमीटरच्या आसपास दूर, घड्याळात तीन तासांचा फरक. तिकडे दुपारचं जेवण उरकायचं तेव्हा इकडे सकाळचा चहा चाललेला असायचा. स्वातंत्र्यासाठी हे अंतर उत्तम. नातं टिकवायचं म्हटलं तर अवघड.

शेजार

पार्कमध्ये सुरुवातीला तीन प्रयोगशाळा होत्या. एक पदार्थविज्ञानाची, एक संगणकशास्त्राची आणि एक 'प्रणालीशास्त्र' अशा ढगळ नावाची, ज्यात जे कुठेच बसत नाही ते सगळं बसत होतं. नाव ढगळ होतं ते बरंच झालं.

संगणकशास्त्राची माणसं जमवली बॉब टेलर यांनी. ते स्वतः मानसशास्त्राचे. संगणकात पदवी नाही. पण अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन निधीचं काम पाहताना देशातला कुठला तरुण काय करतोय याची खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडे होती, आणि इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं आर्पानेट सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. बटलर लॅम्पसन, चक थॅकर, पीटर डॉइच ही मंडळी बर्कलीतल्या एका बुडत्या संगणक कंपनीतून आली. ॲलन के आले, त्यांच्या डोक्यात लहान मुलांनी काखेत मारून न्यावा असा वहीएवढा संगणक होता. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांच्या हाताखाली पहिला माऊस प्रत्यक्ष बनवणारे बिल इंग्लिशही आले.

आठवड्यातून एकदा सगळे एका खोलीत जमायचे. खुर्च्या नाहीत, भुश्शाच्या गाद्यांसारख्या लोळायच्या पिशव्या. एक जण आपलं काम मांडायचा आणि बाकीचे त्याला सोलून काढायचे. टेलर यांची अट अशी की भांडणाऱ्या दोघांपैकी प्रत्येकाने समोरच्याचं म्हणणं त्यालाही पटेल अशा शब्दांत मांडून दाखवायचं. ते जमलं की भांडण 'दुसऱ्या दर्जाचं', म्हणजे उपयोगाचं. आपल्याकडच्या टीव्हीवरच्या चर्चांना ही अट लावली तर सगळे गप्पच बसतील.

या शेजाराचा खरा फायदा दिसतो तो लेझर प्रिंटरच्या जन्मात. गॅरी स्टार्कवेदर हे प्रकाशशास्त्राचे, रॉचेस्टरजवळच्या वेबस्टर इथल्या झेरॉक्सच्याच जुन्या प्रयोगशाळेत काम करणारे. १९६७च्या सुमारास त्यांच्या डोक्यात आलं की प्रत काढण्यासाठी मूळ कागद लागतोच कशाला? कॉपी-यंत्रात ज्यावर प्रतिमा उमटते त्या ढोलावर थेट लेझरने लिहिलं तर? वरिष्ठांचं म्हणणं, लेझर महाग आहे, हा नाद सोड. ते पडदा लावून आतल्या आत प्रयोग करत राहिले. प्रकरण ताणत ताणत इतकं गेलं की नोकरीवर बेतायची वेळ आली. तेवढ्यात त्यांना पार्कबद्दल कळलं आणि १९७१च्या सुरुवातीला बदली होऊन ते पालो आल्टोला आले. नऊ-दहा महिन्यांत यंत्र चालू केलं. झेरॉक्सच्याच एका जलद कॉपी-यंत्राचं पोट फाडून त्यात लेझर आणि गरगर फिरणारा अनेक पैलूंचा आरसा बसवला होता. सेकंदाला एक पान. आरशाचे सगळे पैलू केसाच्याही अंशाइतके न चुकता घासायचे म्हणजे खर्च आभाळाला. तिथे त्यांनी एक साधी दंडगोल काच मध्ये बसवली. आरसा जरा वाकडा असला तरी किरण पुन्हा योग्य ओळीवर यायचा. मला या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात देखणी युक्ती ही वाटते, आणि ती संगणकाची नाही, चश्म्याच्या दुकानातली आहे.

पण छापायचं काय? यंत्र तयार होतं, त्याला अक्षरं पुरवणारं कुणी नव्हतं. वेबस्टरमध्ये प्रश्न इथेच अडला असता. पार्कमध्ये लॅम्पसन आणि रॉन रायडर शेजारीच होते. त्यांनी अक्षरांचे ठिपके घडवणारी जोडणी केली. त्या ठिपक्यांचा पूर वाहून नेणारी तार लागणार होती, कारण एका पानात कोटीच्या घरात ठिपके आणि सेकंदाला एक पान. बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ ला एक टिपण लिहिलं, त्यात यंत्रं तारेने जोडणाऱ्या जाळ्याचं 'इथरनेट' हे नाव आलं. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी ते उभं केलं. मूळ कल्पना हवाई बेटांवरच्या रेडिओ-जाळ्याची: दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबायचं, आणि प्रत्येकाने मनाला येईल तेवढा वेळ गप्प बसून पुन्हा बोलायचं. भौतिकशास्त्र, जोडणी, अक्षरं, जाळं असे चौघांचे चार हात लागले तेव्हा पान बाहेर आलं.

आल्टो

जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला होता आल्टो, पार्कचा वैयक्तिक संगणक. लॅम्पसन यांनी डिसेंबर १९७२ मध्ये वरिष्ठांना लिहिलेल्या टिपणाचा सूर असा: स्वस्त, ताकदवान वैयक्तिक संगणकाबद्दल आमची समजूत बरोबर असेल तर या यंत्रावर ती सिद्ध करून दाखवता येईल, चुकीची असेल तर का चुकली तेही कळेल. थॅकर यांनी तो काही महिन्यांत उभा केला आणि एप्रिल १९७३ मध्ये पहिला आल्टो चालू झाला. पडद्यावर पहिल्यांदा उमटला मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातला बिस्किटं खाणारा निळा राक्षस.

पडदा ६०६ ठिपके रुंद, ८०८ ठिपके उंच. म्हणजे आडवा नव्हता, उभा होता, टायपिंगच्या कागदाएवढा आणि कागदासारखा. झेरॉक्सचं रक्त इथे दिसतं. त्यांनी भविष्यातलं यंत्र बनवलं खरं, पण त्याला चेहरा दिला पानाचा. स्मृती १२८ किलोबाइट, काढता येणारी अडीच मेगाबाइटची तबकडी, तीन बटणांचा माऊस. एका यंत्राचा खर्च बारा हजार डॉलरच्या आसपास. हा खर्च म्हणजे मुद्दाम केलेली उधळपट्टी होती. दहा वर्षांनी जे स्वस्त होणार आहे ते आज महागात विकत घ्या आणि त्यावर रोजचं काम करून बघा, असा त्यामागचा विचार. पुढे एकूण पंधराशे ते दोन हजारांच्या दरम्यान आल्टो बनले. कार्टर यांच्या व्हाइट हाउसमध्ये बसले. स्टॅनफर्ड, कार्नेगी मेलन, एमआयटी या विद्यापीठांना दिले गेले. दुकानात मात्र एकही नाही.

आल्टोवर काय चालायचं? लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांचा 'ब्राव्हो', ज्यात पडद्यावर जसं दिसे तसंच कागदावर उमटे. त्यानंतर 'जिप्सी'. जिप्सीची हकीकत थोडी सविस्तर सांगतो, कारण वेगवेगळ्या विषयांचे लोक एकत्र आले म्हणजे नक्की काय होतं ते तिच्यात दिसतं. बोस्टनजवळची गिन ही पाठ्यपुस्तकांची प्रकाशनसंस्था झेरॉक्सच्या मालकीची होती. तिथून टिम मॉट हे पार्कमधल्या संपादन-प्रणालीबद्दल तक्रार घेऊन आले आणि लॅरी टेस्लर यांच्यासोबत कामालाच लागले. प्रोग्रामरांना काय सोपं वाटतं हे विचारण्याऐवजी त्यांनी पुस्तकं संपादित करणाऱ्यांना रिकाम्या पडद्यासमोर बसवलं आणि विचारलं, तुमच्या हातात हस्तलिखित असतं तेव्हा तुम्ही काय करता? उत्तर आलं, कात्री घेतो, परिच्छेद कापतो, डिंकाने दुसरीकडे चिकटवतो. म्हणून कट, म्हणून पेस्ट. आज मोबाइलवर आपण अंगठ्याने जे करतो त्यात एका प्रकाशनगृहाच्या टेबलावरची कात्री आणि डिंकाची बाटली आहे.

कुणी विकायचं?

आता दोन पोरांची तुलना करू.

लेझर प्रिंटर कंपनीच्या मोठ्या साहेबांसमोर ठेवला तेव्हा त्यांना तो परका वाटला नाही. आत ढोल तोच, शाई-पूड तीच, कागदाची वाट तीच. पुढे फक्त काचेऐवजी तार आली होती. आणि बाहेर पडत होती पानं! १९७७ मध्ये '९७००' बाजारात आला, मिनिटाला १२० पानं. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे बँका, विमा कंपन्या, रोज लाखो बिलं छापणारे लोक. विक्रेत्याला नवी भाषा शिकावी लागली नाही. भाडं, मीटर, दुरुस्तीचा करार, सगळं जुनंच. तरीही वाट सरळ नव्हती. आयबीएमचा लेझर प्रिंटर त्याच्याआधी बाजारात आला, म्हणजे १९७१च्या चालत्या यंत्रावर झेरॉक्सने सहा वर्षं काढली. पण शेवटी पोर घरात आलं.

आल्टोचं तसं नव्हतं. आल्टो विकला तर मीटर कुठे लावायचं? तो दिवसभर चालला तरी पान एकही निघत नाही. उलट मजकूर पडद्यावर वाचून, तारेने शेजाऱ्याला पाठवून मोकळं होता येतं. कमिशनवर जगणाऱ्या विक्रेत्याने तो कुणाला, कशासाठी विकावा? कचेरीत टायपिस्ट बसते आणि साहेबाने कीबोर्डला हात लावणं म्हणजे पायरी उतरणं, असा तो काळ. खरेदी खात्यातल्या माणसाला 'हे यंत्र प्रत्येकाच्या टेबलावर हवं' हे समजावणं म्हणजे नवा धंदा शून्यातून उभा करणं होतं.

१९७६च्या सुमारास विक्रीयोग्य आल्टोचा प्रस्ताव कंपनीसमोर होता. त्याच्या विरुद्ध होता डॅलसच्या कचेरी-उपकरण विभागाचा '८५०', म्हणजे पडदा लावलेला, प्रोग्राम न बदलता येणारा, हुशार टाइपरायटर. कंपनीने ८५० निवडला. आज हे वाचून हसू येतं. पण तो निर्णय घेणाऱ्यांच्या खुर्चीत जरा बसून बघा. १९७५ मध्ये नव्वद कोटींची ती संगणक कंपनी बंद करावी लागली होती. त्याच वर्षी मक्तेदारीच्या खटल्यात सरकारशी तडजोड करून झेरॉक्सला आपली पेटंटं इतरांना वापरू देणं भाग पडलं. जपानहून छोटी, स्वस्त, न बिघडणारी कॉपी-यंत्रं येऊ लागली होती. घराला आग लागलेली असताना नव्या घराचा नकाशा कुणी पसरला, तर त्याला काय उत्तर मिळतं? ८५० चा टाइपरायटरसारखा भाव सांगता येत होता, टाइपरायटरसारखा विकता येत होता. हा गाढवपणा नव्हता. आखूड नजर होती, पण हिशेबी.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती क्वचित सांगितली जाते. पार्कवाल्यांनाही मुख्यालयाविषयी फारसा आदर नव्हता. झेरॉक्सच्या वरिष्ठांना तिकडे 'टोनरडोकी' (टोनर म्हणजे ती शाई-पूड) म्हणायचे, असं जॉब्स यांनीच पुढे एका मुलाखतीत सांगितलं आहे. पिशव्यांवर लोळणाऱ्यांनी एखादा हिवाळा रॉचेस्टरमध्ये काढून विक्रेत्याबरोबर दारोदार फिरून पाहिलं असतं, तर आल्टोला एखादं मीटर सापडलं असतं का? सापडलंच असतं असं नाही. पण कुणी शोधलंही नाही.

नोव्हेंबर १९७७ मध्ये फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे कंपनीच्या जगभरच्या अधिकाऱ्यांचा मेळावा झाला. जॉन एलेनबी यांच्या देखरेखीखाली आल्टो, जाळं, प्रिंटर सगळं तिथे नेऊन मोठं प्रात्यक्षिक मांडलं. तिथे हजर असलेल्यांनी सांगितलेली आठवण अशी की अधिकारी हाताची घडी घालून मागे उभे राहिले आणि त्यांच्या बायका पुढे होऊन माऊस हातात घेऊन बसल्या. त्यांच्यातल्या कित्येकींनी लग्नाआधी सेक्रेटरीची नोकरी केलेली होती. चुकलेली ओळ दुरुस्त करायला अख्खं पान पुन्हा टाइप करणं काय असतं, ते त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. नवऱ्यांच्या बोटांना नव्हतं. बाजार तिथेच, त्याच खोलीत उभा होता, पण मत विचारलं गेलं ते नवऱ्यांना.

डिसेंबर १९७९ ची जॉब्स यांची भेट मला यानंतर फार मोठी घटना वाटत नाही. झेरॉक्सच्या गुंतवणूक विभागाने ॲपलचे एक लाख शेअर दहा डॉलर भावाने घेतले, त्या बदल्यात पार्कमधलं काम दाखवायचं ठरलं. पार्कमधल्या ॲडेल गोल्डबर्ग यांनी जोरदार विरोध केला. वरून स्पष्ट हुकूम आल्यावरच त्यांनी दाखवलं. चोरी कसली, रीतसर सौदा होता. आणि ॲपलचं लिसा या नव्या संगणकावरचं काम त्याआधीच सुरू झालेलं होतं. तिथे प्रात्यक्षिक देणारे टेस्लर पुढच्याच वर्षी ॲपलमध्ये गेले. पाहुण्यांनी तासाभरात जे प्रश्न विचारले ते आपल्या कंपनीने इतक्या वर्षांत विचारले नव्हते, असं त्यांना वाटलं.

झेरॉक्सने यंत्र आणलं ते २७ एप्रिल १९८१ ला: 'स्टार'. डेव्हिड लिडल यांच्या विभागाने केलेलं अप्रतिम काम. टेबलासारखा पडदा, त्यावर कागद, फाइली, टपालपेटी यांची चित्रं. किंमत १६,५९५ डॉलर, आणि तेही एकटं घेऊन उपयोग नाही. जाळं हवं, फाइली ठेवणारं यंत्र हवं, आणि हो, लेझर प्रिंटर हवा. आपलं यंत्र विकतानासुद्धा कंपनी शेवटी अख्खी कचेरीच विकत होती. साडेतीन महिन्यांनी आयबीएमचा पीसी आला, १,५६५ डॉलरला. तो दिसायला ओबडधोबड होता, पण एका माणसाला एकट्याने विकत घेता येत होता.

माणसं गळायला लागली होतीच. मेटकाफ १९७९ मध्ये जाऊन त्यांनी थ्रीकॉम काढली. सिमोनी मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी पानावर काय कुठे छापायचं हे प्रिंटरला सांगणारी एक भाषा पार्कमध्ये घडवली होती. कंपनी ती खुली करेना, म्हणून १९८२ मध्ये दोघांनी ॲडोबी काढली. त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही तशीच भाषा १९८५ मध्ये ॲपलच्या लेझर प्रिंटरमध्ये बसली, आणि त्या प्रिंटरचं पोट होतं कॅननचं. यातून जो धंदा उभा राहिला त्याला आपण 'डीटीपी' म्हणतो. खिळे जुळवणारे गेले, पुण्यात श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर तयार झाली, आणि तालुक्याच्या गावापर्यंत 'डीटीपी व झेरॉक्स' अशा पाट्या लागल्या. त्या पाटीवर घरात घेतलेलं पोर आणि घर सोडून गेलेलं पोर शेजारी शेजारी आहेत. १९८३ मध्ये टेलर यांनीही राजीनामा दिला, आणि थॅकर, लॅम्पसन त्यांच्यामागे गेले.

कॉपी-यंत्रासमोरचे मानववंशशास्त्रज्ञ

नेहमीची गोष्ट इथे संपते. पार्क मात्र संपलं नाही, आणि पुढचा भाग मला जास्त आवडतो.

लूसी सचमन या मानववंशशास्त्राच्या विद्यार्थिनी म्हणून पार्कमध्ये आल्या. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झेरॉक्सच्या एका नव्या मोठ्या यंत्राबद्दल गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत होत्या. जाहिरात म्हणत होती, हिरवं बटण दाबा की झालं. सचमन यांनी ते यंत्र पार्कमध्येच मांडलं, जोडीजोडीने माणसं त्यासमोर उभी केली आणि चित्रीकरण केलं. एका जोडीत होते ॲलन नेवेल, कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक जनक, आणि पार्कचे भाषाशास्त्रज्ञ रॉन कॅप्लन. पाठपोट प्रती काढता काढता दोघेही घामाघूम. हा चित्रपट वरिष्ठांना दाखवल्यावर 'गिऱ्हाईक अडाणी आहे' हे म्हणायची सोय राहिली नाही.

ज्युलियन ऑर यांनी दुरुस्ती करणाऱ्यांसोबत फिरून पाहिलं. कंपनीच्या पुस्तिकेत 'हे झालं तर ते तपासा' अशा फांद्यांचं बिघाडाचं झाड काढलेलं असे. हे लोक ते बाजूला ठेवून जेवताना एकमेकांना किस्से सांगत. अमक्या यंत्राने तमक्या दिवशी असं केलं, मग मी काय केलं. खरं ज्ञान त्या किश्शांत होतं. यातून 'युरेका' नावाची सोय उभी राहिली, आधी फ्रान्समध्ये: दुरुस्तीवाला आपली युक्ती लिहायचा, अनुभवी सहकारी ती तपासायचे आणि मग ती सगळ्यांना मिळायची. बक्षिसाचे पैसे नकोत, युक्तीखाली नाव हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. हे काम कंपनीने विनातक्रार स्वीकारलं. कारण सांगायला नकोच. यंत्र बंद पडलं की मीटर थांबतं.

एक गोष्ट मात्र हिशेबाच्या बाहेरची घडली, आणि ती आपल्याला थेट भिडते. स्टारवर अनेक लिपींत लिहिता यावं यासाठी झेरॉक्सचे जो बेकर काम करत होते. त्यातून १९८८ मध्ये त्यांनी जगातल्या सगळ्या लिपींसाठी एकच संकेतसारणी, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा, असावी असा मसुदा लिहिला आणि तिला नाव दिलं 'युनिकोड'. ॲपलचे मार्क डेव्हिस, आधी झेरॉक्समध्ये असलेले ली कॉलिन्स सोबत होते. १९९१च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, भारतीय इस्की मानकाच्या क्रमाने मांडलेली. तुम्ही हा मजकूर पडद्यावर वाचताय तो त्या सारणीमुळे. यातून झेरॉक्सच्या मीटरवर एकही पान चढलं नाही.

१९८८ पासून मार्क वायझर यांनी तिथे तळहातावरची, वहीएवढी आणि भिंतीवरची अशी तीन मापांची यंत्रं बनवून घेतली. संगणक दिसेनासा होऊन सगळीकडे असेल हे त्यांचं म्हणणं. त्यातलं भिंतीवरचं तेवढं कंपनीने विकायला काढलं, बाकीची दोन नाहीत. २००२ मध्ये पार्क वेगळी उपकंपनी झाली आणि बाहेरच्यांची कामं घेऊ लागली. दरम्यान कचेऱ्यांतली छपाई उतरत गेली. एप्रिल २०२३ मध्ये झेरॉक्सने पार्क देणगी म्हणून देऊन टाकलं, ते एसआरआय इंटरनॅशनलला. पूर्वीचं नाव स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट. बिल इंग्लिश पन्नास वर्षांपूर्वी माऊस घेऊन निघाले होते ते तिथूनच. झेरॉक्स आजही प्रिंटर आणि कॉपी-यंत्रं विकते, करार करते, आणि किती पानं निघाली ते मोजते.